दोन वाजून दहा मिनिटांनी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरची हिरवी रेघ बोटभर वर चढली, चाळीसेक सेकंद तिथंच थांबली आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा खाली येऊन आडवी झाली. घंटा वाजली नाही, लाल दिवा लागला नाही. पाळत ठेवणारी ही नवी यंत्रणा बसवून जेमतेम आठवडा झाला होता, आणि घंटा कधी वाजवायची हे त्यानंच तिला ठरवून दिलं होतं. एवढ्याशा हालचालीला ती जागी होणार नव्हती. दुसरा कुणी असता तर डबा धुवायला उठून गेला असता. त्यालाही उठायचंच होतं. पण मनात कुठंतरी खट्ट झालं. जेवणाच्या सुट्टीत या सर्व्हरवर काही चालायचं कारण नव्हतं. रुग्णालयाच्या तळघरातल्या या खोलीत त्याची सोळा वर्षं गेली होती. वरच्या मजल्यांवर माणसांची जी छाती, जे पोट, ज्या गाठी तपासल्या जात, त्यांच्या नोंदी इथल्या डेटाबेसमध्ये येऊन पडत, आणि त्या नोंदींची राखण करणं हे त्याचं काम. कुठली प्रोसेस कधी उठते, किती वेळ चालते, कधी झोपते, हे त्याला स्वतःच्या घरातल्या नळांच्या आवाजाइतकं पाठ होतं. म्हणजे, पाठ आहे असं तो समजत होता. त्यानं आठवडाभराचा आलेख मागं ओढून पाहिला. सोमवारी दोन दहा. मंगळवारी दोन दहा. रविवारीसुद्धा. ज्या घरात आपण एकटेच राहतो अशी खात्री होती तिथं कुणीतरी रोज दुपारी येऊन, चार भांडी हलवून, मुकाट्यानं निघून जात होतं.

चोर, हा पहिला विचार. कुणीतरी नोंदी बाहेर नेतंय. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये त्याला शेजारच्या माणसाच्या कोपराचा धक्का लागला तर तो दचकला. जेवताना बायको काही विचारत होती आणि तो "हं" म्हणत होता. तिनं मग विचारणं सोडून दिलं, तसं ती वर्षानुवर्षं सोडतच आली होती. दुसऱ्या दिवशी दोन वाजायच्या आधीपासूनच तो पडद्यासमोर बसला. पोटात कावळे ओरडत होते, पण डबा उघडायची इच्छा नव्हती. दोन दहाला रेघ चढली आणि त्यानं तिला पकडलं. प्रोसेसचं नाव होतं ‘झाडू’. बाहेर काहीही जात नव्हतं. आतल्या आतच ती नोंदींवरून हात फिरवत होती. आणि ती ज्याच्या नावावर चालत होती ते नाव वाचून त्याच्या छातीवरचं दडपण एकदम हललं, कारण ते नाव होतं मास्तरांचं.

मास्तर म्हणजे त्याच्या आधी ही खोली सांभाळणारे गृहस्थ. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण प्रोग्राम लिहून झाला की कागदावर छापून घेऊन लाल पेन्सिलीनं तपासायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. याला हाताला धरून त्यांनीच शिकवलं होतं. सहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाचं भाषण यानंच केलं होतं. आणि आता त्याच मास्तरांनी हे काय मागं ठेवलंय, असं मनात येऊन तो किंचित चिडला, आणि चिडता आलं म्हणून त्याला बरंही वाटलं. त्यानं झाडूचा मजकूर उघडला. वर एकच ओळ होती: ‘तात्पुरतं. आठवड्यानं काढून टाकणे.’ तारीख नाही, सही नाही. मास्तर तारखेशिवाय किराण्याची यादीसुद्धा लिहीत नसत, हे त्याला खटकलं, पण डोळे तोवर खाली उतरले होते. खाली लिहिलेलं साधं होतं, एखाद्या मुलालाही कळेल इतकं साधं. ज्या रुग्णाच्या तपासणीत काही शंकास्पद दिसलं असेल, आणि ज्याला पुन्हा बोलवायचं असेल, पण साठ दिवस उलटूनही त्या नोंदीपुढं उत्तर आलं नसेल, ती नोंद बंद करायची.

त्यानं प्रोसेस थांबवली. मग आजवर बंद केलेल्या नोंदी मोजल्या. सव्वा वर्षांत सहाशे एक्केचाळीस. सव्वा वर्षापूर्वी सगळी यंत्रणा जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवली होती. हलवणाऱ्या कंत्राटदारानं जुन्या घरातलं किडूकमिडूक सगळं उचलून नव्या घरात आणलं, आणि कुठलं चालू होतं कुठलं बंद होतं न बघता सगळंच चालू करून दिलं. त्या कामाची यादी कपाटात होती. बासष्ट ओळी, बावन्नाव्या ओळीत झाडू, आणि पानाच्या तळाशी ‘तपासलं’ म्हणून त्याची स्वतःची सही. ती सही तो बराच वेळ बघत राहिला. सफाईदार, घाईची, शेवटच्या अक्षराचं शेपूट लांबवलेली सही.

पहिल्या मजल्यावर रुग्णांना परत बोलावण्याचं काम बघणारी सिस्टर बसायची. तिच्याकडं माणसं कमी, यादी मोठी. तिचा फोन रुग्णापर्यंत पोचायला दोन-दोन, अडीच-अडीच महिने लागायचे. यानं खालच्या आवाजात सगळं सांगितलं, तेव्हा तिनं आधी हसून पाहिलं, थट्टा करतोय का म्हणून.

"म्हणजे आम्ही फोन करायच्या आधीच नाव यादीतून जायचं?"

"हो."

"आणि मी म्हणत होते, यादी कमी व्हायला लागली," ती म्हणाली. तिच्या टेबलावर काचेखाली एक कागद होता, कार्यक्षमतेबद्दल शाबासकीचा. तिनं त्यावर पालथा हात ठेवला. "अरे, वर्षभर मी घरी वेळेवर जात होते रे."

विभागाच्या मॅडमनी मात्र कपाळावर आठीसुद्धा पडू दिली नाही. सहाशे एक्केचाळीसमधल्या किती जणांचं खरोखर गंभीर होतं ते आधी काढा, त्यांना आजपासून फोन सुरू करा, आणि मला अहवाल द्या, असं त्या भराभर म्हणाल्या. मग चष्मा काढून विचारलं, "नाव कुणाचं आहे त्या प्रोग्रामवर?"

"मास्तरांचं."

"मग सोपं झालं. तसंच लिहा." आणि तो दारापर्यंत गेल्यावर, "आणि रुग्णांच्या घरच्यांशी परस्पर कुणी बोलायचं नाही. जे काय कळवायचं ते पत्रानं जाईल."

सोपं झालं, हे शब्द त्याच्या कानात शनिवारभर घोळत राहिले. खरंच सोपं झालं होतं. सही त्याची होती, पण बासष्ट ओळींवरची सही म्हणजे सगळेच करतात तशी सही. पाप मास्तरांचं. तरी मास्तरांना न विचारता त्यांचं नाव लिहायचं हे काही त्याला गिळवेना, म्हणून रविवारी सकाळी तो त्यांच्या घरी गेला. तीन जिने चढून दार वाजवलं. मास्तर गॅलरीत ऊन खात शब्दकोडं सोडवत बसले होते, शिसपेन्सिलीला टोक काढून, गुडघ्यावर खोडरबर ठेवून. वजन उतरलं होतं, पण नजर तशीच.

"झाडू?" ते हसले. "अरे, ते तर तुझंच बाळ."

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"माझं?"

"तू लिहिलंस ते. त्या आठवड्यात." मास्तर गॅलरीच्या कठड्याकडं बघत म्हणाले. "तुझी मुलगी वर चौथ्या मजल्यावर होती, त्या."

त्याला वाटलं, म्हातारपण. नावं, वर्षं, माणसं एकमेकांत मिसळतात या वयात. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मास्तर, त्या आठवड्यात मी कामावर नव्हतो. रजा होती माझी. मी वॉर्डात होतो, बायकोजवळ."

"रजा होती हे खरं. रजेवरच्या माणसाचं लॉगिन बंद असायचं, म्हणून तर तुला माझं उघडून दिलं. वरून खाली यायचास आणि खुर्चीत बसून राहायचास. मी म्हणालो, बाबा, वर जा. तर म्हणालास, मास्तर, काहीतरी काम द्या. तुझा चेहरा बघवत नव्हता. कागदी नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या तेव्हा, आठवतं? शेकडो माणसं तपासून कधीच मोकळी झालेली, पण यादीत ‘परत बोलवायचंय’ म्हणूनच दिसत होती. ती खोटी नावं काढायची होती. ते दिलं तुला. जेवणाच्या सुट्टीत कुणाची अडचण नको म्हणून तूच दोन दहाची वेळ लावलीस." त्यांनी गुडघ्यावरचं खोडरबर उचलून बाजूला ठेवलं. "आठवड्यानं मी ते बंद केलं. पुसायला हवं होतं. माझी चूक तीच."

"का नाही पुसलंत?"

"फार सुबक लिहिलं होतंस रे," मास्तर म्हणाले. "तसल्या दिवसांत इतकं सुबक. लाल पेन्सिल लावायला जागा नव्हती. पुसायला हात धजला नाही."

मग त्यांनी चहा विचारला, तो नको म्हणाला. निघताना मास्तर मागून म्हणाले, "माझं नाव आहे ना त्यावर? राहू दे. माझं आता काय वाकडं होणार आहे? तुझी अजून बारा वर्षं नोकरी आहे."

तीन जिने उतरताना त्याला एकही पायरी जाणवली नाही. तो त्या आठवड्याला हात लावत नसे, पण तो आठवडा त्याच्याजवळ होता, फडक्यात बांधून ठेवलेल्या वस्तूसारखा, शाबूत. मुलगी नऊ दिवस जगली होती. काचेच्या पेटीत, नळ्यांच्या जंजाळात; त्याच्या करंगळीच्या पेरापेक्षा तिची मूठ लहान. बायको दुसऱ्या खोलीत, तापानं फणफणलेली, आणि तिच्या खाटेजवळ लोखंडी स्टुलावर तो. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली कागदाची घडी घातली होती, तरीही तो डुगडुगायचा. बायकोच्या हाताच्या पाठीवर सुईची चिकटपट्टी. फिनेलचा वास, आणि खिडकीबाहेर कुठंतरी सतत चाललेलं बांधकाम, ठक ठक ठक. नऊ दिवस तो त्या स्टुलावर बसून होता. त्यानंतरच्या अकरा वर्षांत त्याच्या हातून बरंच काही निसटलं. हसणं निसटलं, रविवारी दोघांनी फिरायला जाणं निसटलं, दुसऱ्या मुलाचा विषय निघाला की दोघांपैकी कुणीतरी उठून पाणी प्यायला जाऊ लागलं. पण आपण तेव्हा तिच्याजवळ बसून होतो, एवढं एक त्याच्या खात्यावर जमा होतं. भांडण झालं, अबोला झाला, तरी मनात तो त्या स्टुलावर जाऊन बसायचा आणि स्वतःला म्हणायचा, निदान तेव्हा मी उठलो नाही.

घरी आला तेव्हा बायको इस्त्री करत होती. दुपार कलली होती, खोलीत गरम कपड्याचा वास भरला होता. तो चपला न काढताच दारात उभा राहिला.

"त्या आठवड्यात मी खाली कामावर जात होतो का गं?"

कुठल्या आठवड्यात, असं तिनं विचारलं नाही. बाहीची घडी सरळ केली, तीवरून इस्त्री फिरवली. "जात होतास. तिसऱ्या दिवसापासून."

"मग तो स्टूल?"

"कुठला?"

"तुझ्या खाटेजवळचा. लोखंडी. डुगडुगणारा."

"त्यावर आई बसायची," ती म्हणाली. "घडी मीच घालायला लावली तिला, आवाजानं डोकं उठायचं म्हणून. मी तुला सांगितलं असेल नंतर कधीतरी."

त्यानं भिंतीला हात टेकला. भिंत गार होती. "आणि नवव्या दिवशी?"

"नवव्या दिवशी आईला खाली पाठवलं तुला बोलवायला. तू म्हणालास, पाच मिनिटांत आलो."

"मग?"

"मग आलास की." तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग शोधायला गेला तर तोही नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी आवराआवर करून कुलूप लावलेली खोली असावी तसा चेहरा. "मी तुला याबद्दल कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. पण तूही मला विचारू नकोस. मला पुन्हा पुन्हा ते सांगायला लावू नकोस."

तो चपला काढून आत गेला आणि पलंगावर बसला. बाहेर इस्त्रीचा धप् धप् आवाज पुन्हा सुरू झाला. तो आठवायचा प्रयत्न करत राहिला. तळघर, खुर्ची, मास्तरांचा चेहरा, पडदा. काही म्हणता काही येईना. स्टूल मात्र येत होता, हुबेहूब, आखूड पायासकट, आणि त्यावर तो बसलेला. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला निदान खरं माहीत असतं. याला खरं माहीतच नव्हतं. वर आपली मुलगी श्वास मोजत असताना खाली आपण ओळींखाली ओळी मांडत होतो, एकही चूक न करता, आणि ते काम इतकं चोख झालं होतं की जवळजवळ दहा वर्षं झोपून उठल्यावरही ते बिनचूक चाललं. सासूबाई आता हयात नव्हत्या. नऊ दिवस त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांनी मरेपर्यंत जावयाला एका शब्दानं ऐकवलं नव्हतं. पाच मिनिटं म्हणजे किती मिनिटं झाली होती, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती बाहेर इस्त्री करत होती, आणि तिनं विचारू नकोस म्हणून सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात फोन झाले. सहाशे एक्केचाळीसपैकी बहुतेक माणसं दुसरीकडं तपासून घेऊन मोकळी झालेली होती, काहींच्या शंका खोट्या निघाल्या होत्या. अडतीस जणांचं गंभीर होतं. सदतीस जण सापडले. सिस्टर सकाळी सातला यायची आणि एकेकाला स्वतः वर घेऊन जायची, हाताला धरून. अडतिसावी बाई सापडली नाही, कारण ती चार महिन्यांपूर्वी गेली होती. त्रेपन्न वर्षांची. पोटातली गाठ. तिची नोंद बंद झाली तेव्हा गाठ सुपारीएवढी होती.

त्यानं अहवाल लिहिला. प्रोग्राम मी लिहिला, मास्तरांच्या लॉगिनवर बसून लिहिला, आणि नव्या सर्व्हरवर तो चालू झाला तेव्हा न बघता सही केली तीही मी. तीन वाक्यं लिहायला त्याला दोन दिवस लागले. तो कागद घेऊन गेला तर मॅडमच्या टेबलावर आधीच एक पत्र होतं, सुवाच्य अक्षरात, वर उजव्या कोपऱ्यात तारीख. झाडू नावाचा प्रोग्राम माझा असून तो न पुसण्याची सर्वस्वी चूक माझी आहे, असं मास्तरांनी लिहून पाठवलं होतं.

"मास्तर खोटं लिहितायत, मॅडम."

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. मग त्याचा कागद उचलून त्याच्याकडं सरकवला. "हे बघा, एकच चूक दोन माणसांनी कबूल केली की चौकशी सहा महिने लांबते. सिस्टरचीही होईल, माझीही होईल. त्यांचं वय बघून त्यांना कुणी काही करणार नाही. पत्र गेलंय त्या बाईंच्या घरी, मास्तरांचं नाव घालून." आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "घरी तुम्ही दोनच माणसं आहात. कशाला ओढवून घेता?"

त्यानं कागद उचलला. ही गोष्ट सांगताना त्यानं तो तिथंच ठेवला असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण त्यानं तो उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात टाकला. तळघरात जाऊन बसला. पडद्यावर हिरवी रेघ आडवी होती. दोन दिवस तसाच बसला. मास्तरांना फोन लावला तर ते म्हणाले, "झालं गेलं, आता उगाळू नकोस," आणि कोड्यातला एक शब्द विचारला. तिसऱ्या दिवशी त्यानं डेटाबेसमधून त्या बाईचा पत्ता काढला. असं करणं नियमाविरुद्ध होतं. सोळा वर्षांत त्यानं ते कधी केलं नव्हतं.

त्या पत्त्यावर शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं दुकान होतं, एका अरुंद रस्त्यावर, दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये चेपलेलं. आत एक साठीचा माणूस दिव्याखाली मशीन उघडं करून बसला होता. मांडीवर फडकं, बोटं तेलानं काळी.

"मशीन आणलंय?"

"नाही. मी रुग्णालयातून आलोय. तुमच्या मिसेसच्या संदर्भात."

"पत्र आलं ते. वाचलं."

"पत्रात नाव चुकीचं आहे," तो म्हणाला. आणि मग दारातच उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, भराभर, मध्ये थांबलो तर पळून जाऊ अशा भीतीनं. मुलीचं काही बोलला नाही. ते बोलणं म्हणजे समोरच्याकडं सूट मागितल्यासारखं झालं असतं.

दुकानदारानं स्क्रू डबीत टाकले, एकेक करून. "कधी लिहिलंत म्हणालात?"

"अकरा वर्षांपूर्वी."

"अकरा वर्षांपूर्वी ती इथंच बसायची. बॉबिन भरून द्यायची मला." तेलाचं फडकं त्यानं बोटांना गुंडाळलं, सोडलं. "गेल्या वर्षी तपासणी झाल्यावर फोन येईल म्हणून आंघोळीला जाताना फोन माझ्या हातात द्यायची. दोन महिने. मग मीच म्हटलं, अगं, बोलावलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे. दवाखान्यातली माणसं काय झोपा काढतात? तर म्हणाली, हो, तेही खरंच." त्यानं स्क्रूच्या डबीचं झाकण लावलं. "मीच म्हटलं तिला."

रस्त्यावरून एक टेम्पो मागं मागं येत होता, कुणीतरी ओरडून त्याला वाट दाखवत होतं.

"पत्रातल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी मनातल्या मनात शिव्या देऊन घेतल्या," दुकानदार म्हणाला. "जेमतेम झोप लागायला लागली होती. आता तुम्ही आलात." त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता शीण होता. "आता तुमचं मी काय करू?"

त्याचा हात खिशातल्या कागदाकडं गेला आणि परत आला.

"आत या, नाहीतर जा," दुकानदार म्हणाला. "दारात उभे राहू नका. उजेड अडतोय."

तो आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. दुकानदारानं दिव्याची मान खाली ओढली, मशीनच्या पोटात पुन्हा हात घातला.